मडमेच्या चोळीचे बंद

मुर्री गावच्या रुख्माचे हात दोर वळून राठ झालेले. त्या हातांमुळेच १९०२ साली गोंदियाच्या रेल्वे बंगल्यावर ती आया म्हणून लागली. मडमेची एक चोळी होती, आत हाडाच्या पट्ट्या शिवलेली. तिचे बंद रोज सकाळी पाठीमागून आवळायचे, हे रुख्माचं काम. दोन वर्षांत मडमेनं तिला एकदाही बरं म्हटलं नाही.

पाहुणे साहेबलोक मडमेला पाठीमागे ‘स्ट्रेट-लेस्ड’ म्हणत. रुख्मानं खानसामा ईश्वरदासला अर्थ विचारला.

“आवळल्या बंदाची,” तो म्हणाला. “आधी अशी चोळी घालणारीलेच म्हणत. मंग ज्याची चालरीतच आवळलेली, जराबी ढिली नाही, त्यालेबी म्हनू लागले.”

रुख्मा हसली. अशी माणसं मुर्रीतही होती. लोक काय म्हणतील हा रोग काही कातडीचा रंग पाहून लागत नाही.

पुढे मडमेला दिवस गेले. चारचौघांत पोट दिसणं म्हणजे तिच्या लेखी बेशरमपणा. सहावा लागला तरी तिचं एकच, “आया, और कसो.”

“पोटुशीच्या आंगावर आमी गाठ ठेवत नाही जी,” रुख्मा म्हणाली. बाळाची वाट अडू नये म्हणून मुर्रीत बाळंतपणाच्या वेळी घरातल्या बायका वेण्यासुद्धा सोडतात.

“कसो.”

रुख्मानं कसलं. तळव्याखाली बाळ लाथा मारत होतं.

दुपारी गाठ सुटलेली. दुसऱ्या दिवशी तिनं दुहेरी मारली, तीही सुटली. रुख्माच्या गाठीनं बांधलेला बैल कधी सुटला नव्हता. मडमेचा हात पाठीशी पोचत नव्हता आणि खोलीत दुसरं कुणी येत नव्हतं. पण आतून कोण सोडतंय हे रुख्माला कळलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला बरंच वाटत होतं.

आठव्या दिवशी मडम म्हणाली, “फिर खुला तो घर जाओ.”

घरी तीन तोंडं होती. रुख्मानं बंद पाण्यात भिजवले आणि मग गाठ मारली, जुवाचा दोर बांधतात तशी. ओला दोर वाळला की आणखी आवळतो.

संध्याकाळी ती चोळी सोडायला गेली. गाठ जशीच्या तशी होती. तिनं पोटावर तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला. आत काही हललं नाही.

मडम आरशात पाहत होती.

“आज अच्छा बांधा,” ती म्हणाली.