मावशीनं अडवलेला लिलाव

पनवेलच्या मासळी बाजारात मी पिशवी घेऊन उभा राहिलो की पारूमावशी शेजारच्या गिऱ्हाइकाला मुद्दाम ऐकवायची, "ह्ये शाळंतले भाऊसाहेब. ह्यांनी माज्या नातवाचं वय वाढवलं व्हतं." लोक वळून बघायचे. मी मान खाली घालून बोंबील निवडायचो. दर रविवारी हेच! मी राहतो त्या सुकापूरहून दुसऱ्या बाजारात जायला मला कुणाची बंदी नव्हती, पण पाय तिच्याकडेच वळायचे. खोटं थोडंच बोलत होती ती?

ते वय वाढवलं तेव्हा मी मोरा बंदराजवळच्या एका शाळेत कारकून होतो. मावशीचा दीर हसुराम बोटीचा मालक. त्याला खलाशी मिळेनात आणि बर्फाच्या खणात उतरायला अंगानं लहान पोर बरं पडतं. मावशीच्या मेलेल्या लेकाचा मुलगा राकेश चौदा वर्षांचा होता, आमच्याच शाळेत. एवढ्या लहान पोराला बोटीवर घेता येत नाही, हे हसुरामला ठाऊक होतं आणि मलाही. "सोळा दाखवा भाऊसाहेब, मग कोन इचारत नाय," तो म्हणाला. दोन वर्षांनी असं काय बिघडतं, असं मला वाटलं. माझी अक्कल तेव्हा गहाण पडली होती, दुसरं काय! बोनाफाईडवर मी सोळा लिहिलं आणि शिक्का मारला.

मावशी त्या वेळी पनवेलला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. ती परत आली तेव्हा बोट गेलेली, पोरगं बोटीवर. आठव्या दिवशी सकाळी बोट धक्क्याला लागली. राकेश उतरला तो हाताला फडकं बांधून. दोरात सापडून दोन बोटं काळीनिळी झाली होती.

आता, कोळ्यांत पुरुषानं मासा आणायचा आणि धक्क्यावर आला की तो बायकांचा. निवडायचा त्यांनी, लिलाव पुकारायचा त्यांनी. हसुरामच्या बोटीचा लिलाव वर्षानुवर्षं मावशीच पुकारत आली होती. त्या दिवशी ती टोपली उपडी घालून तिच्यावर बसली.

"वयनी, पुकार ना!"

"नाय पुकारत. ज्या बोटीवर दुधाचं पोर राबलं, तिच्या मासळीला हात लावायचा नाय."

"कागद हाय माज्याकडं! सोळा पुरी हायत!"

"दर्या कागद वाचत नाय, हसुराम."

आधी तीन बायका तिच्याजवळ जाऊन बसल्या. मग एकेक करत सगळ्या. पुरुषांनी ओरडून पाहिलं, कुणी स्वतःच पुकारायला लागला तर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. ऊन चढलं, बर्फ वितळायला लागला, पापलेटांचे डोळे लाल व्हायला लागले. शेवटी हसुराम हातातली टोपली आपटून किंचाळला, "नेऊन घाल तुजं पोर शाळंत!"

ती तशीच शाळेत आली, हसुरामकडून घेतलेलं बोनाफाईड माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "फाडा." मी फाडलं. माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "पोराचं नाव हजेरीत हाय न्हवं? मग बास."

हसुरामनं मात्र डूख धरला. त्यानं तिला बोटीची मासळी बंद केली आणि इतर मालकांनाही फितवलं. चाळीस वर्षं धक्का गाजवलेली बाई दुसऱ्यांकडून माल घेऊन पनवेलच्या बाजारात एका कोपऱ्यात बसू लागली. एकदा मी म्हटलं, "मावशे, दिराशी जरा गोडीत घे की." तिनं कोयत्यावरून नजरही उचलली नाही. "गोडीत घ्यायला मी काय चोरी केली?"

राकेश बारावी झाला आणि अठरा पूर्ण होताच आपल्या मर्जीनं एका बोटीवर गेला. मला वाटलं ही आकांडतांडव करणार. कसलं काय! "त्येचं त्यो बगल आता. मी दर्याला कुटं नाय म्हनलं? चवदाव्या वर्साला नाय म्हनलं."

गेल्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी थोडेच दिवस सांगितले होते, आणि ते तिलाही माहीत होतं. मी भेटायला गेलो. तिचा हात धरून उगाच म्हणालो, "घाबरू नकोस मावशे. अजून दोन वर्षं तरी तू कुठं जात नाहीस."

तिनं डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं.

"परत वाढवलीत?"