स्मरणिकेतून गाळलेली दोन पानं

मी पनवेलला रेल्वेच्या कार्यालयात क्लार्क आहे आणि युनियनची सभासदही. युनियनच्या मान्यतेचं मतदान तोंडावर आलं तेव्हा आमच्या शाखेने स्मरणिका काढायचं ठरवलं. मजकूर माझ्याकडे आला, कारण मी कामं वेळेत देते.

जुन्या देशव्यापी संपातला माणूस हवा होता. जवळच्या आपटा गावात रुळांच्या देखभालीवरचे एक निवृत्त गँगमन काका राहतात असं कळलं. रविवारी स्कूटर काढून गेले. संप आमच्या फेडरेशनने पुकारला होता, विरोधी फेडरेशनने कामावर जायला सांगितलं होतं. काका संपात राहिले आणि नोकरी गेली. काढल्याच्या पत्रात कारण दिलेलं नव्हतं. सरकार बदलल्यावर परत घेतलं, तोवर ते वीटभट्टीवर राबले. पुढे बदलीवरून आमच्याच पदाधिकाऱ्यांशी वाजलं आणि ते त्या विरोधी झेंड्याखाली गेले. हेही त्यांनी आपणहून सांगितलं.

निघताना म्हणाले, "सुनंला वाटतं, मी दारूपायी नोकरी घालवलेली. गावात तसंच बोलतात. छापून आलं तं ती वाचंल."

मी दोन पानं लिहिली. चांगली लिहिली होती. शाखेच्या सेक्रेटरींनी वाचली आणि म्हणाले, "मॅडम, मतं मागायला निघालोय आपण. त्यांचा माणूस आपल्या अंकात?"

त्यांनी काढायला सांगितलं नाही. काढली मीच, दहा मिनिटांत. त्या जागी एक ओळ घातली : अनेक कामगारांना बडतर्फ व्हावे लागले. पानं बरोबर बसली याचं मला तेव्हा समाधानही वाटलं.

अंक निघाल्यावर काका युनियनच्या खोलीत आले. चष्मा लावून एकेक पान पाहिलं. अध्यक्षांचे चार फोटो होते.

"माजं कुठं हाय, बाई?"

जागा कमी पडली, असं मी म्हटलं.  ते अंक घडी करून खिशात घालू लागले, मग टेबलावर ठेवला.

"मंग तुमी या घरी. सुनंला तोंडानं सांगा. तुमचं ऐकंल ती."

मतदान झालं की येते, असं मी म्हटलं. मतदान झालं. आम्ही जिंकलो, पेढे वाटले. नंतर त्या रस्त्याने दोनदा गेले, एकदा लग्नाला, एकदा नर्सरीत रोपं आणायला. दोन्ही वेळा आपट्याच्या फाट्यावर स्कूटर सरळ पुढे काढली. सुनेला सांगायचं तर पानं कुणी काढली हेही सांगावं लागेल.