पेनाचं टोक

पाटनच्या पुढचं एक हिंदी बोलणारं गाव माझ्या वाट्याला आलं होतं. सर्व्हे मुलांच्या खाण्यापिण्याचा. अख्खा जिल्हा पालथा घालणं कुणालाच जमत नाही, म्हणून चिठ्ठ्या टाकून थोडी गावं निवडायची आणि प्रत्येक गावात लागून-लागून असलेली पंधरा घरं गाठायची. याला समूह नमुना पद्धत म्हणतात. सुरुवात कुठून? गावाच्या मधोमध जमिनीवर पेन फिरवायचं, टोक दाखवेल तिकडे निघायचं. फिरवायचं एकदाच. हे मी इतरांना शिकवत असे.

पेन फिरवलं. टोक नाल्यापलीकडच्या टेकाडाकडे. मे महिना, डोक्यावर ऊन. मी मनाशी म्हटलं, जमीन उतरती आहे, पेन घसरलं असणार. दुसऱ्यांदा फिरवलं, तर टोक थेट लग्नाच्या मांडवाकडे. आता शास्त्रापुढे आपलं काय चालतं?

मांडवाभोवतीच्या घरांत विचारत गेलो, काल मुलांनी काय खाल्लं? डाळ, पुरी, भाजी, रायता, बुंदी. पंधराच्या पंधरा घरी तेच. लग्नाच्या पंगती अजून चालूच होत्या. शेवटी मीही बसलो.

महिनाअखेर माझा करार संपत होता आणि तो वाढवणं सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसातल्या मॅडमच्या हाती होतं. त्यांनी फॉर्म चाळले.

"अच्छा. सगळ्यांकडे बुंदी?"

"सुखी गाव आहे, मॅडम."

"पेन किती वेळा फिरवलं?"

"जमीन जराशी उतरती…"

"किती वेळा?"

"दोनदा. पहिल्यांदा टोक टेकाडाकडे होतं."

"अन् या फॉर्मवर हा डाग कशाचा?"

"रायत्याचा."

"काहून असं करून राहिले, सर? चलो, टेकाडावरची पंधरा घरं आणा. कराराचं मग पाहू."

गेलो. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक आजीबाई बसल्या होत्या.

"आ गए, भैया? पेन तो उसी दिन इधर आया था, सबने देखा. हम पोते को नहलाकर बैठे रहे, कि अब आए, अब आए."

मी मान खाली घालून फॉर्म उघडला. काल नातवानं काय खाल्लं?

"रोटी-नमक. और क्या."

लिहिलं. बरोबर लिहिलं का, हे त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा वाचून दाखवलं.

त्या पंधरा फॉर्मांवर मॅडमनी एकही प्रश्न विचारला नाही. करार वाढला. अट एकच: पेन आता गावातलंच कुणीतरी फिरवतं आणि टोक थांबेपर्यंत मी पाठ फिरवून उभा राहतो.