बोटीवरचं धुणं

निवृत्तीनंतर मी आणि माझा साडू, दोघंही क्रूझच्या नादी लागलो. कंपन्या मात्र वेगवेगळ्या. त्यामुळे जेवायला एकत्र बसलो की बोटींची तुलना ठरलेली. त्याच्या बोटीवर तिसऱ्यांदा येणाऱ्याला कॅप्टनसोबत जेवण, फोटो आणि कोटाला लावायला सोनेरी बिल्ला. आमच्या बोटीवर काय, तर पिशवीभर कपडे फुकट धुऊन, इस्त्री करून मिळणार.

साडू खो खो हसला. "म्हणजे तुम्ही एवढ्या लांब धुणं धुवायला जाता व्हय?"

मला राग आला, पण बायकोचे डोळे चमकले. आमच्या संभाजीनगरात नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा, तेही तासभर. दिवाळीपासून न धुतलेले हॉलचे पडदे, चार चादरी आणि सोफ्याची कव्हरं तिनं बॅगेत कोंबली. मग जागाच उरली नाही, म्हणून माझे दोनच शर्ट घेतले.

बोटीवर कपडे न्यायला आलेल्या माणसानं पिशवीत डोकावून पाहिलं, आणि लगेच वळून खोलीतले पडदे जागेवर आहेत ना, तेही पाहिलं.

"वो हमारे घर के हैं, भैया," बायको ठसक्यात म्हणाली.

परवा साडूचा फोन आला. कॅप्टनसोबतचं जेवण कसं झालं, ते मी मुद्दाम विचारलं.

"बरं होतं," तो म्हणाला. मग हळूच विचारलं, "पुढच्या खेपेला तुमच्या पिशवीत आमची एक सतरंजी मावंल का?"