पत्र्याखालची होडी

आमच्या बेलवलीच्या घरी स्कूटर पावसात उभी असायची आणि होडी पत्र्याखाली. यावरून माझं आणि बाबांचं कित्येकदा वाजलं. नदीत घालायची नाही, विकायची नाही, मोडायची तर नाहीच नाही. मग ठेवायची कशाला? बाबा म्हणायचे, "तुझ्या पणजोबाने बांधलीय. तू बांधलंस का काही?" मी फडकं घेऊन स्कूटर पुसायला जायचो.

पणजोबांनी ती कल्याणच्या खाडीवर बांधली, घरच्याच माणसांना हाताशी घेऊन. आजोबांनी तिच्या फळ्या बदलल्या, नवी डोलकाठी उभी केली आणि शीड लावून मिठागरातलं मीठ पार वसईपर्यंत नेलं. बाबा आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, लहानपणी मिठाच्या गोण्यांवर बसून जायचे. सुकाणू आत्या धरायची, बाबांना उलट्या व्हायच्या. रिकामी होडी बुडाली तर पाण्याने नेली, माणसांसकट बुडाली तर तिने दगा दिला, असं आजोबा त्यांना सांगायचे. पुढे मिठागरं गेली, आम्ही इकडे आलो आणि होडी टेम्पोत बसून आली. मी अंबरनाथला कारखान्यात लागलो. माझा तिच्यातला प्रवास म्हणाल तर शून्य. नारळी पौर्णिमेला नारळ वाढवायचा, लाकडाला तेल चोळायचं, संपलं.

त्या वर्षी नदी घरात आली. सकाळी अंगणात घोटाभर पाणी होतं, जेवणवेळेला कमरेला लागलं. आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. आत्या मात्र नदीकडच्या गल्लीत, बैठ्या घरात एकटी. तिचा फोन आला, "माळ्यावर चढून बसलेय. होरी पाठव." होडीला ती होरी म्हणते आणि बाबा तिला बाय. "आलोच बाय," म्हणत सत्तरी ओलांडलेला माणूस धडाधडा जिना उतरला. खरं सांगतो, मलाही भरून आलं. इतकी वर्षं जागा अडवून बसलेली होडी आज एकदाची कामाला येणार होती.

पाणी उंच ओट्यावरच्या होडीच्या बुडाला नुकतंच लागलं होतं. दोर सोडला. आम्ही दोघं चढलो. होडी उचलली गेली, जरा हलली, आणि फळीफळीतून पाणी आत यायला लागलं. कोरडं राहिलेलं लाकूड आकसतं, सांधे उघडे पडतात. म्हणून हंगामाआधी होडी दोनेक दिवस पाण्यात ठेवायची, लाकूड पाणी पिऊन फुगतं, मग सांधे मिटतात. हे मला बाबांनीच कधीतरी सांगितलेलं. पण जपायची म्हणून त्यांनी तिच्यावर वर्षानुवर्षं पावसाचा थेंब पडू दिला नव्हता. "फुगंल, आता फुगंल," करत ते डब्याने पाणी उपसत राहिले. मीही उपसलं. काही उपयोग नव्हता. होडीचे काठ पाण्याखाली गेले, तसं मी बाबांना दंडाला धरून ओढत वरच्या मजल्यावर आणलं.

तेवढ्यात पुन्हा आत्याच्या नंबरवरून फोन. बाबांनी उचलला; त्यांच्या फोनचा आवाज मोठा, मलाही ऐकू येत होता. या वेळी परका आवाज, बचावपथकाच्या रबरी बोटीवरचा जवान. "अंकल, आंटी मान नहीं रहीं. बोलती हैं, घर की नाव आएगी. पानी बढ़ रहा है, हम दुबारा नहीं आ पाएँगे." त्याने फोन तिच्या हातात दिला. बाबा मोबाईल कानाला लावून खिडकीतून होडी बुडाली त्या जागेकडे बघत होते.

"सांगा ना तिला," मी म्हणालो. "जिवानिशी जाईल ती."

मी सांगून तिने ऐकलं नसतं. होडीच्या बाबतीत तिच्या लेखी मी पाहुणाच. त्यामुळे मला बाबांच्या तोंडाकडे बघत बसण्यापलीकडे काही करता येईना. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली.

शेवटी ते खिडकीकडे पाठ करून म्हणाले, "बाय, त्यांच्यातून ये. आपली होरी बुडाली."

पलीकडून नुसता पाण्याचा आवाज येत होता. मग आत्याने विचारलं, "तिच्यात कुनी होता का?"

आम्ही दोघं गळ्यापर्यंत चिंब, पायाखाली पाण्याचं थारोळं.

"नाय," बाबा म्हणाले. "कुनी नव्हता."

"मंग येते," आत्या म्हणाली.