करडीचं तेल प्यालेले टायर

आमच्या बंडीचे टायर केव्हा बदलायचे, हा प्रश्न आमच्या घरात माझ्या लग्नाच्या प्रश्नाच्याही आधीपासून पडून होता. पुढे दोन्ही प्रश्न एकाच दिवशी सुटले. त्यातला एक जरा मोठा आवाज करून सुटला, एवढंच.

गोष्ट आहे पन्नास सालानंतरची. वाशीमच्या शिवेला लागून आमचा भाजीचा मळा होता. तेव्हा सगळ्यांच्या बैलगाड्या (आमच्याकडे बंड्या म्हणतात) लाकडी चाकांच्या, वर लोखंडी धाव. बंडी निघाली की अर्ध्या गावाची झोप मोडायची आणि बाजारात पोचेपर्यंत टमाट्यांची चटणी व्हायची! माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, भंगारातून एका लॉरीचे दोन टायर मिळवले, आमच्या बंडीला बसवले आणि आम्ही एका दिवसात खानदानी झालो. बंडी इतकी गुपचूप चालायची की शेजारी ओरडायचे, "अजी, बैलाले घुंगरू तं बांधा! आंगावर येते तरी समजत नाई!"

माझं लग्न जमलं तेही या टायरांमुळे. (माझ्यामुळे जमायचं असतं तर कधीच जमलं असतं.) रिठदच्या एका शेतकऱ्यानं बाजारात आमची बंडी पाहिली, हात फिरवून पाहिली, वर बसून पाहिली, आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरात पोरगं हाये का लग्नाचं?" बोलणी झाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे फारसं बघितलंही नाही. एकच अट घातली.

"माही अनसूया टायरच्या बंडीतच सासरी जाईन. लाकडी चाक मांडवापाशी दिसलं, तं वरात तशीच वापस!"

"शब्द देला!" आबा म्हणाले.

शब्द दिला खरा, पण टायर म्हातारे झाले होते. नक्षी झिजून गेली होती आणि अंगभर भेगा पडल्या होत्या. गावातल्या टायरवाल्यानं वाकून पाहिलं आणि सांगितलं, "बदला. एक जोडी हाये माह्यापाशी. नाई तं भर रस्त्यात फुटन अन् मंग रडत याल." त्यावर संध्याकाळी आमच्या ओट्यावर सभा भरली.

"लग्नाच्या आंधी बदलून टाका," माय म्हणाली.

"फुटले का?" आबांनी विचारलं.

"फुटले नाई, पन..."

"मंग! फुटल्याबिगर बदलवाचं, म्हंजे जित्या माणसाची तेरवी करनं हाये!"

काकांनी टायरवर टिचक्या मारल्या, कान लावला आणि टरबूजवाल्याच्या थाटात निकाल दिला, "कच्चाच हाये अजून." आबांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं, ते वांगी घेताना पाहतात तसं. त्यांच्या मते माल टणक होता. मायनं कपाळाला हात लावला. आणि अशा या नाजूक घडीला, कोणी विचारलं नसताना, मी तोंड उघडलं!

आमच्या विहिरीवर चामड्याची मोट होती. पाण्यात भिजून, उन्हात वाळून चामड्याला भेगा पडू नयेत म्हणून तिला अधूनमधून करडीचं तेल चोळावं लागे. ते काम माझ्याकडे होतं.

"आबा," मी म्हणालो, "मोटीच्या भेगा तेलानं बुजतात. मंग टायरच्या काहून नाई बुजनार?"

काकांनी तोंडातला विडा चघळायचा थांबवला. आबा उठले आणि माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी ओट्यावरून खाली गेलो.

"पाह्य! पोट्टं मॅट्रिकले नापास झालं, पन डोकं वाया नाई गेलं!"

आबांनी केलेली ही माझी पहिली स्तुती. मी छाती फुगवली. (फुगण्याची सुरुवात माझ्यापासून झाली, हे मी लपवत नाही.)

मग रोज संध्याकाळी बैलांना वैरण आणि टायरांना तेल! आणि गंमत म्हणजे भेगा खरोखर बुजल्या हो! टायर काळेभोर, तुकतुकीत झाले, अंगानं भरले. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचे, "हात लावून पाह्य! तरना झाला का नाई?" टायरवाल्यालाही मुद्दाम बोलावणं धाडलं. तो बिचारा गिऱ्हाइकात अडकला म्हणून आला नाही, त्याचा अर्थ आबांनी "लाजला असन" असा काढला. माझ्या हळदीच्या दिवशी तर कहर झाला. इकडे मला हळद चोळत होते आणि तिकडे काका टायरांना शेवटचा हात देत होते. माय फणकाऱ्यानं म्हणाली, "कुंकू बी लावा न् मंग!" आणि काकांनी खरंच लावलं.

दुसऱ्या दिवशी वरात निघाली. वैशाखाचं ऊन. टायरच्या बंडीवर चटईचं छप्पर, बैल चांद्या आणि लाख्या, दोघांच्या अंगावर झुली, शिंगांना गोंडे. कासऱ्यावर काका, मागे आबा, माय आणि मुंडावळ्या बांधलेला मी. बाकी वऱ्हाड लाकडी बंड्यांमध्ये, आणि त्यांना आबांची ताकीद, "लय मांगं राहा! आमच्या जवळ दिसाचं नाई!" मायनंही एक नियम काढला होता. हळद लागलेल्या नवरदेवानं सीमांतपूजनाआधी भुईला पाय लावायचा नाही. हा नियम तिनं कुठून आणला हे तिलाच ठाऊक, पण तिच्यापुढे कोण बोलणार?

दुपार चढली तसे टायर चिकट व्हायला लागले. आधी धूळ चिकटली, मग काडीकचरा, मग गिट्टी, मग शेण. थोड्या वेळानं आमची बंडी रस्ता सोबत घेऊनच चालली आहे असं वाटायला लागलं. तेवढ्यात माय बाहेर डोकावली आणि ओरडली.

"अवो, टायरले गलगंड झाला!"

आम्ही पाहिलं. टायरच्या कुशीला चांगला नारळाएवढा फुगवटा आला होता. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तो वर यायचा, आमच्याकडे बघायचा आणि खाली जायचा.

"भाऊ, थांबू का?" काकांनी विचारलं.

"कायले थांबतं?" आबा समाधानानं म्हणाले. "इतके दिवस तेल पेला, आता आंगी लागून राह्यलं त्याच्या!"

रिठद समोर दिसायला लागलं. मारुतीच्या देवळाचा झेंडा दिसला. आबांनी फेटा सारखा केला, मी मुंडावळ्या सारख्या केल्या, आणि...

धडाऽऽम!

पुढचं मला नीट आठवत नाही, कारण मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा बंडी एका बाजूला बसली होती, आबा फराळाच्या टोपल्यात होते, काकांच्या हातात नुसता तुटका कासरा होता, आणि चांद्या-लाख्या जू घेऊन रिठदकडे उधळले होते. मी छपराच्या बांबूला लोंबकळत होतो.

"पाय नको टेकवू रे!" माय ओरडली.

"मंग काय उडू?"

"लोंबकळ तसाच!"

आता तिकडे काय झालं ते ऐका. वरात शिवेवर आली की बार उडवून वर्दी द्यायची, अशी तेव्हा पद्धत. आम्ही बार आणलाच नव्हता. पण रिठदकरांनी धडाम ऐकलं आणि ते समजले, वरात आली! वाजंत्री सुरू झाली. बायका आरतीची ताटं घेऊन मारुतीपाशी उभ्या राहिल्या, आणि धुरळ्यातून सजूनधजून आले कोण? चांद्या आणि लाख्या! देवळाजवळच्या हाळावर पाणी प्यायला थांबले. एका म्हातारीला दिसत कमी होतं. तिनं दोघांनाही ओवाळलं म्हणे!

मग सासरेबुवा वाजंत्री घेऊन नवरदेव शोधायला निघाले. ते आमच्यापाशी पोचले तेव्हा मी अजून बांबूलाच होतो. मागून लाकडी बंड्याही येऊन ठेपल्या होत्या, पण त्यात मला बसवायची कोणाची छाती नव्हती. वाजंत्री थांबली. सासरे बंडीकडे पाहत होते. टायरचे पोपडे रस्ताभर पसरलेले. आता हे "वापस" म्हणणार, आणि जिला मी अजून नीट पाहिलंही नाही ती अनसूया दुसऱ्याच कोणाच्या बंडीत बसून जाणार!

आबा टोपल्यातून उठले. फेट्याला शेव लागली होती. तरीही ताठ मानेनं पुढे झाले.

"राम राम सोयरे! बार कसा वाटला?"

"बार झकास," सासरे म्हणाले. "पन त्यापायी बंडी कायले फोडली?"

"आमच्यात एका लग्नात एकच बार उडवतात. पन मोठा!"

सासरे खाली बसले, टायरला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं.

"हे तं करडीचं तेल हाये! तेलानं तं रबर सडते! कोनं लावलं?"

आबांनी, काकांनी आणि सख्ख्या मायनंसुद्धा माझ्याकडे बोट दाखवलं. एवढी एकी आमच्या घरात मी आधी कधी पाहिली नव्हती.

सासऱ्यांनी मला खालून वर पाहिलं. त्यांच्या मिशा थरथरल्या. रागानं थरथरल्या की कशानं, हे कळेपर्यंत माझा जीव टांगणीला. (म्हणजे मी होतोच टांगलेला.) आणि मग ते असे हसले, असे हसले, की सनईवाल्यालाही हसू आवरेना.

"टायरले इतकं जपते, तं माह्या पोरीले बी जपन!" डोळे पुसत ते म्हणाले. "फकत तेलाची बुधली याच्या हाती नका देऊ. उचला जावयाले! लाकडी बंडीत नाई बसवाचं. शब्द तो शब्द!"

एकानं बाज आणली, तर माय कडाडली, "बाजेवर नेता? नवरदेव हाये तो!" मग चौघांनी मला खांद्यावर घेतलं आणि कापसाच्या गाठोड्यासारखं मारुतीपाशी नेऊन ठेवलं. लग्न गोरजावर लागलं. अंतरपाट दूर झाला तेव्हा अनसूया ओठ दाबून हसत होती. मला ती फार आवडली.

पण अट बाकीच होती. टायर नाही तर पाठवणी नाही! सकाळी सासऱ्यांनी आपला माणूस काकांबरोबर वाशीमला धाडला आणि टायरवाल्याकडची ती जोडी आणवून आंदण म्हणून दिली. लोक लेकीला भांडी देतात, माझ्या सासऱ्यांनी टायर दिले! जोडी येईपर्यंत मी सासरीच. सासूबाई माझ्या डोक्याला तेल लावायला वाटी घेऊन आल्या, तर सासरे ओसरीवरून ओरडले, "डोक्याले नको लावू वो! ऊन कडक हाये, त्याले अजून वाशीम गाठाचं हाये!"

आबांना मात्र कसलाही पश्चात्ताप नव्हता. पाठवणीच्या वेळी बंडीला बसवलेल्या नव्या टायरांवर हात फिरवत ते मायला म्हणाले, "पाह्यलं? घाई केली असती तं असे फुकटात भेटले असते का?" आणि काकांकडे वळून हळूच म्हणाले, "याले जरासं तेल..."

तोच बंडीतून पदराआडून आवाज आला.

"मामाजी, या टायरले जो कोनी तेल लावन, त्याले मी जेवाले नाई वाढनार."

आमच्या घरात आल्यावर, नव्हे, यायच्या आधीच, माझ्या बायकोनं उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. आबांनी टायरावरचा हात मागे घेतला. त्यांनी माघार घेतल्याचा आमच्या घराण्यातला हा पहिलाच प्रसंग असावा.

ते टायर खूप चालले. पंचक्रोशीत कोणाकडे लग्न निघालं की आमच्या बंडीला मागणी यायची. आम्हीही आनंदानं द्यायचो. निरोप मात्र दरवेळी सारखाच असायचा, "बंडी द्या, बैल द्या, झुली द्या. तुमच्या पोराले तेवढं घरीच बसवून ठेवा!"