कोकरं सोडायचा तास

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर बाहेर खाऊन आलेली भजीसुद्धा लपत नाहीत. तुम्ही आपले वाटता, म्हणून सांगतो.

मी शिरूरला अकरावीला इंग्रजी शिकवतो. माझा एक तास तालुक्यात गाजलाय. पुस्तकातल्या जड शब्दांची रूपं चिठ्ठ्यांवर लिहायची, पोरांना एकेक वाटायची आणि सगळ्यांना मैदानात सोडायचं. नाम ही आई, क्रियापद आणि विशेषण ही तिची लेकरं. मग काय — एक पोरगी ‘अ‍ॅनालिसिस’ म्हणून ओरडतेय, पलीकडून ‘अ‍ॅनालाइज’ धावतोय, ‘अ‍ॅनालिटिकल’ भलत्याच आईला चिकटलंय. पहिल्या दिवशी शिपाई मारामारी समजून काठी घेऊन आला. पण वर्षभर घोकून चुकणारी पोरं चुकेनाशी झाली.

ही युक्ती माझी? छे. आमच्या आप्पांची, म्हणजे वडलांची.

आम्ही पाटसकडचे धनगर. आता ऊस आहे, तरी दारात थोडी मेंढरं आहेतच. एकदा जेवताना मी कुरकुरत होतो — क्रियापद विचारलं की पोरं विशेषण सांगतात. आप्पांना इंग्रजीचा गंध नाही, पण ऐकत होते. म्हणाले, "एकेकाला धरून कशाला शिकवतूस? सांजच्याला मेंढरं आली की आपण कोकरं एकदम सोडतू न्हाई का? वरडत्यात, चुकत्यात, ढुशा खात्यात, आन् आपली आई हुडकत्यात. तशी सोड की."

कोकरांची लेकरं मी केली. तेवढंच माझं.

मग या तासाबद्दल माझा सत्कार ठरला. आप्पांना हौसेनं नेलं, पुढं बसवलं. घोंगडी तेवढी घरी ठेवायला लावली — का, ते तुम्हाला कळलंच असेल. पाहुण्यांनी माइकवर विचारलं, ही कल्पना सुचली कुठून? आणि मी — कसं सांगू — मी आधी स्टाफकडं बघितलं. त्यांना मी कायम बागायतदाराचा मुलगा असल्याचं सांगितलेलं. मेंढरांमागं वाढलो, हे सांगायची लाज वाटायची. म्हणालो, पुण्याला एका कार्यशाळेत शिकलो.

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात आप्पांनी वाजवल्या.

परतताना ते गाडीवर मागं बसलेले, मांडीवर सत्काराचा नारळ. वाटेत न्हावरा गाव मागं पडलं. मग कानाशी येऊन म्हणाले, "व्हय रं, त्या पुण्याच्या मास्तरांकडं बी मेंढरं हायत का?"

चेष्टा होती, की खरंच विचारत होते? मान वळवून बघायचं धाडस झालं नाही.

"हायत, आप्पा," मी म्हणालो. "लई हायत."

आप्पा ठणठणीत आहेत. अजून घरी कुणी आलं की कौतुकानं सांगतात, पुण्यात बी आपली माणसं मास्तर झाल्यात, कोकरं सोडून शिकवत्यात. मी शेजारी बसून चहा पीत ऐकतो.